पत्त्यासकट पत्र

एखाद्या अरुंद विषयाचं वेड लागलेल्या माणसाला त्याच्यासारखी माणसं भेटतात कशी, हा प्रश्न इंटरनेटहून निदान सव्वाशे वर्षांनी जुना आहे. ३ नोव्हेंबर १८४९ रोजी लंडनमध्ये ‘नोट्स अँड क्वेरीज’ या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला, तो याच अडचणीतून. संपादक विल्यम जॉन थॉम्स पोटासाठी कारकुनी करी. जीव मात्र जुन्या रूढी, म्हणी आणि दंतकथांत अडकलेला. ‘फोकलोअर’ हा इंग्रजी शब्दही १८४६ साली त्यानंच घडवला. साप्ताहिकाची रीत साधी होती. एका वाचकानं शंका विचारायची, दुसऱ्यानं पुढच्या एखाद्या अंकात उत्तर द्यायचं, तिसऱ्यानं ते खोडून काढायचं. थडग्यावरचा अर्धवट पुसलेला मजकूर, एखाद्या म्हणीचा उगम, कुणा विस्मृत नाटककाराचं जन्मगाव, असे विषय. बरेच जण सहीच्या जागी नुसती आद्याक्षरं किंवा टोपणनाव टाकत. म्हणजे खोट्या नावानं आयडी घेऊन तावातावानं वाद घालण्याची हौसही दीडशे वर्षांहून जुनी निघाली.

ही कल्पना हिंदुस्थानातही लवकरच उगवली. १८७२ मध्ये जेम्स बर्जेस यांनी मुंबईहून ‘इंडियन अँटिक्वेरी’ सुरू केलं, त्यात शिलालेख, नाणी, दैवतं यांवरची टिपणं आणि शंका येत. १८८३ मध्ये रिचर्ड कार्नॅक टेंपल यांनी पंजाबात असंच नियतकालिक काढलं, तेव्हा ‘पंजाब नोट्स अँड क्वेरीज’ असं सरळ जुन्याच नावाला प्रांताचं नाव जोडून मोकळे झाले. मंडळी बहुतेक साहेब. ज्यांच्या चालीरीतींचा काथ्याकूट चाले, ते लोक या बैठकीत फारसे नसत. पुण्यात इतिहासाचार्य राजवाडे आणि त्यांचे सहकारी मेहेंदळे यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापलं, तेव्हा हे चित्र उलटं झालं. वाड्यांच्या माळ्यांवरून, कुलकर्ण्यांच्या दप्तरांतून कागद हुडकून आणणारे इथलेच होते. त्यांनी सभेत टिपण वाचायचं, बाकीच्यांनी ते सोलून काढायचं, आणि उरेल ते इतिवृत्तात छापायचं.

पण या सगळ्या नियतकालिकांत एक अडसर होता. वाचकाची वाचकाशी गाठ पडे ती संपादकाच्या टेबलावर.

तो दूर केला एका विज्ञानकथांच्या मासिकानं, आणि तेही बहुधा नकळत. लक्झेंबर्गहून अमेरिकेत आलेल्या ह्युगो गर्न्सबॅकनं एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ काढलं. त्यात वाचकांच्या पत्रांचं सदर होतं आणि पत्राखाली नावाबरोबर लेखकाचा पूर्ण पत्ताही छापला जाई. घर क्रमांक, रस्ता, शहर, सगळं. ज्या मुलांना घरचे, शाळेतले लोक ‘हे काय भलतंच वाचतोस’ म्हणून हसत, त्यांना एकदम कळलं, की आपल्यासारखाच एक वेडा शिकागोत राहतो आणि हे त्याचं घर. त्यांनी मासिकाला बाजूला ठेवून थेट एकमेकांना पत्रं टाकायला सुरुवात केली. त्यातून सायन्स करस्पॉन्डन्स क्लब उभा राहिला, आणि मे १९३० मध्ये त्या क्लबानं काढलेलं ‘द कॉमेट’ हे पहिलं फॅनझिन, म्हणजे चाहत्यांनी स्वतःच काढलेलं नियतकालिक, मानलं जातं. माझ्या मते आजच्या प्रत्येक चांगल्या चर्चागटाचा मूळपुरुष हाच आहे: मासिकातला पत्ता. विषय सगळ्यांना ठाऊक असतो, माणूस ठाऊक नसतो. वेड्यांची वस्ती वसते ती माणसाचा ठावठिकाणा हाती लागल्यावर.

आपल्याकडे हे काम रेडिओनं केलं. रेडिओ सिलोन आणि विविध भारतीवर फर्माईश करणाऱ्याचं नाव आणि गाव वाचलं जाई. अभ्रकाच्या खाणींचं झुमरी तलैया हे गाव देशभर माहीत झालं ते केवळ त्या पोस्टकार्डांमुळे. लोक त्यावर विनोद करत राहिले, पण गावोगावचे श्रोते एकमेकांना नावानं ओळखू लागले होते हेही खरं. त्या ओळखीतून पुढचं पाऊल टाकणारे म्हणजे कानपूरचे हरमंदिर सिंग ‘हमराज़’. त्यांनी जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या शौकिनांसाठी ‘लिसनर्स बुलेटिन’ हे छोटं नियतकालिक चालवलं आणि ‘हिंदी फिल्म गीत कोश’चे दशकवार खंड सिद्ध केले. गाणं कुठल्या चित्रपटातलं, कुणी गायलं, कुणी लिहिलं, याची नोंद. चित्रपटसृष्टीनं स्वतःचा हिशेब नीट ठेवला नाही, तो श्रोत्यांनी ठेवला. पुढे अमेरिकेतल्या विद्यापीठांत संगणकापुढे बसलेली भारतीय मुलं याच कोशाच्या आधारानं भांडणार होती, पण त्याआधी संगणकाकडे जायला हवं.

संगणक आल्यावर पहिल्यांदा काय झालं, तर तेच झालं जे मासिकात झालं होतं. अर्पानेट हे जाळं अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशानं संशोधनासाठी बांधलं होतं. त्यावरून ईमेल जाऊ लागताच सत्तरीच्या दशकात टपालयाद्या, म्हणजे मेलिंग लिस्ट, निघाल्या, आणि त्यांतली गाजलेली एक होती ‘एसएफ-लव्हर्स’. विषय: विज्ञानकथा. गर्न्सबॅकच्या पत्रलेखकांचे वारस सरकारी तारेवर येऊन बसले. बर्कलीत १९७३ साली ‘कम्युनिटी मेमरी’ या प्रयोगात रेकॉर्डच्या एका दुकानाबाहेर टेलिटाइप यंत्र ठेवलं. तिथे आधीपासून वादकांचा सूचनाफलक होता. ‘ड्रमवाला हवा’, ‘बास वाजवणारा आहे, बँड हवा’ अशा चिठ्ठ्या लागत. वादकांनी यंत्र तत्काळ आपलंसं केलं. शिकवावं लागलंच नाही, कारण गरज आधीपासून भिंतीवर टाचलेली होती.

मात्र खरा पसारा मांडला तो यूजनेटनं, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण आज ज्या गोष्टी आपण चर्चास्थळांवर गृहीत धरतो त्यांतल्या बऱ्याच तिथे घडल्या. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातले टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी ही कल्पना काढली आणि शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोविननं तिचा पहिला प्रोग्राम लिहिला. अर्पानेटवर प्रवेश मिळायला संरक्षण खात्याचं कंत्राट लागे, यांना ते नव्हतं. म्हणून संगणकांनी एकमेकांना साधा फोन लावायचा, रात्री दर स्वस्त असताना, आणि त्या दिवसाचे, विषयवार गटांत विभागलेले संदेश एकमेकांच्या पदरात टाकायचे. मध्यवर्ती यंत्र नाही, मालक नाही. एका ठिकाणी लिहिलेलं दोन-चार दिवसांत पसरत पसरत सगळीकडे पोचे.

फोनचं बिल कुणीतरी भरत होतं, हे विसरून चालणार नाही. मोठा भार वाहणाऱ्या काही संगणकांच्या चालकांच्या हाती त्यामुळे सत्ता गेली. कुठला गट असावा, कुठला नसावा, हे ते ठरवू लागले. १९८६-८७ मध्ये त्यांनी सगळ्या गटांची नवी मांडणी केली: संगणकाचे विषय एका शाखेत, शास्त्राचे दुसऱ्या, करमणुकीचे ‘रेक’मध्ये, समाजाचे ‘सॉक’मध्ये, नुसत्या वादावादीचे ‘टॉक’मध्ये. वादावादीला वेगळा वाडा काढून देणं ही मला त्या मंडळींची सर्वांत शहाणी कृती वाटते. ब्रायन रीड नावाचे एक संगणकतज्ज्ञ पाककृतींचा गट चालवत. त्यांना आपल्या गटाचं नवं बारसं पसंत पडलं नाही. मे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका बार्बेक्यूच्या खानावळीत ते जॉन गिल्मोर आणि गॉर्डन मॉफेट यांच्यासोबत बसले आणि तिथे ‘ऑल्ट’ ही शाखा जन्मली, जिथे कुणाचीही परवानगी न मागता गट काढता येई. म्हणजे इंटरनेटवरचा सर्वांत बेबंद मोहल्ला एका रेसिपीच्या रुसव्यातून वसला.

बाकीच्या शाखांत मात्र नवा गट काढणं सोपं नव्हतं. आधी प्रस्ताव मांडायचा, त्यावर चर्चा व्हायची, मग ईमेलनं मतदान. होकार नकारांपेक्षा किमान १०० नं जास्त हवेत आणि एकूण मतांच्या दोन तृतीयांश हवेत, तर गट निघे. वाचायला कटकट वाटते, पण तिचा एक गुण होता. गट उघडला त्या दिवशीच निदान शंभरेक माणसं अशी असत की ज्यांना तो खरोखर हवा होता. रिकाम्या खोलीत नवा माणूस येऊन ‘कुणी आहे का?’ विचारतोय, अशी वेळ सहसा येत नसे. आज एका बोटानं गट काढता येतो, आणि काढणाऱ्याखेरीज कुणी नसलेले गट आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

शोधायचं कसं? जीन स्पॅफोर्ड नावाचे संगणकशास्त्रज्ञ चालू गटांची यादी ठरावीक दिवसांनी प्रसिद्ध करत. यादीतून गट निवडायचा, पण लगेच तोंड उघडायचं नाही. आधी काही आठवडे नुसतं वाचायचं, नेहमीच्या शंकांची उत्तरं एकत्र करून ठेवलेली असत ती पाहायची, मगच लिहायचं, असा शिरस्ता. दर सप्टेंबरात विद्यापीठांत नवी मुलं येत, पहिले काही आठवडे धुडगूस घालत, मग वळणावर येत. १९९३-९४ मध्ये अमेरिका ऑनलाइन या कंपनीनं आपल्या लाखो गिऱ्हाइकांना यूजनेटचं दार उघडून दिलं आणि नव्यांचा ओघ थांबेचना. जुन्यांनी त्याला ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हटलं. या शब्दात तुच्छता आहे, ती मला आवडत नाही. पण तक्रारीत तथ्य होतं. नव्या माणसाला वळण लावायला जुन्याला सवड लागते, आणि जुने थोडे नि नवे अगणित झाले की ती उरत नाही.

भारतीय मंडळी तिथे आधीपासून होती, बहुतेक अमेरिकेत शिकायला गेलेली. ‘सॉक.कल्चर.इंडियन’ हा मोठा गट म्हणजे अखंड कल्लोळ: राजकारण, धर्म, क्रिकेट. काही कामाचं वाचायचं तर अरुंद गल्लीत शिरावं लागे. तशा गल्ल्या होत्या. ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ होती. जुन्या हिंदी गाण्यांसाठी ‘रेक.म्युझिक.इंडियन.मिस्क’ होती, जिला लोक लाडानं ‘रिमिम’ म्हणत. कुणी एक गाणं आठवेल तसं लिहून टाकी, दुसरा त्यातला चुकलेला शब्द दुरुस्त करी, तिसरा तिसरं कडवं पुरवी, चौथा गीत कोश उघडून सांगे की बाबांनो, हे गाणं या चित्रपटातलं नव्हेच. देवनागरी पडद्यावर दिसत नव्हती तेव्हाची ही गोष्ट. अविनाश चोपडे यांनी ‘आयट्रान्स’ ही प्रणाली तयार केली. रोमन अक्षरांत ठरावीक पद्धतीनं लिहायचं आणि छापताना शुद्ध देवनागरी मिळवायची. रिमिमकरांनी हजारो गाणी त्या पद्धतीनं लिहून काढली आणि त्यांचा संग्रह तयार झाला. आज गाण्याचे बोल शोधले की जे सापडतं, त्यातल्या कितीतरी मजकुराचं गोत्र तिथे पोचतं, चुकांसकट.

शेजारच्या ‘रेक.म्युझिक.इंडियन.क्लासिकल’वर हिंदुस्थानी संगीताची चर्चा चाले. मूळ गोव्याचे राजन पर्रीकर तिथे एकेका रागावर दीर्घ लेख टाकत, सोबत जुन्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे. त्यांची लेखणी तिखट, मतं त्याहून. अनेकांना ती झोंबत. पण बागेश्रीची अमुक संगती कुठे आली, हे तुकडा ऐकवून दाखवणाऱ्याशी वाद घालायचा तर तुम्हालाही तुकडा शोधून आणावा लागे. मला वाटतं चांगल्या जागेची खूण इथेच दिसते. तिथे लोक गोडच बोलतात असं नाही. पण तिथला वाद पुराव्यावर जातो, आणि वाद संपल्यावर पदरात काहीतरी पडतं.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमातर्फे. पुढच्याच वर्षी गणेश चतुर्थीला अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू केलं. इथवरची मराठी बैठक परक्याच्या ओसरीवर होती. आता स्वतःचं घर झालं. मग २००४ मध्ये ‘मनोगत’ आलं, जिथे शुद्धलेखन तपासणारी सोय होती आणि तिच्यावरून रुसवेफुगवेही होते. २००७ मध्ये माहितीपर लेखनासाठी ‘उपक्रम’ आणि तात्या अभ्यंकरांचं ‘मिसळपाव’. २०११ मध्ये ‘ऐसी अक्षरे’. या वंशावळीकडे पाहिलं तर बहुतेक घरं आधीच्या घरातल्या भांडणातून किंवा कंटाळ्यातून वेगळी झालेली दिसतील. एकाला शिस्त जाचली म्हणून मोकळं अंगण हवं, दुसऱ्याला कविता आणि कथांचा पूर सोसवेना म्हणून तर्काची बैठक हवी. बाहेरचे हसले, की चार मराठी माणसं आणि पाच संकेतस्थळं. मला तसं हसू येत नाही. ब्रायन रीडचा रुसवा आणि हे रुसवे एकाच जातीचे आहेत, आणि त्यांच्यामुळे वाचकाला निवड मिळाली. ज्याला पाककृती हव्यात, ज्याला मोडी वाचायची आहे, ज्याला सह्याद्रीतल्या घाटवाटा हव्यात, त्याला आपली गल्ली सापडली. लिहायचं धाडस न होणारे ‘रोमात’, म्हणजे ‘रीड ओन्ली मोड’मध्ये, राहून वर्षानुवर्षं वाचत राहिले, आणि यूजनेटचा तो जुना शिरस्ता कुणी न शिकवता मराठीत रुळला.

मायबोलीवर एक लहानशी युक्ती होती, तिचं मला फार कौतुक वाटतं. गप्पांसाठी ‘वाहती पानं’ होती. तिथलं जुनं लिखाण आपोआप वाहून जाई. टिकवायचं ते लेखांत आणि धाग्यांत राही. सगळंच जपून ठेवलं तर कुणी मोकळेपणी बोलत नाही, आणि सगळंच वाहू दिलं तर पुढच्याला काही मिळत नाही. दोन्हींसाठी वेगळी जागा करणं हे फार थोड्यांना सुचलं.

जपणुकीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर नावाच्या संगणकचालकानं १९८१ पासून दहा वर्षं यूजनेटचे संदेश चुंबकीय फितींवर उतरवून ठेवले. १४१ फिती, सुमारे वीस लाख संदेश. दरम्यान १९९५ मध्ये डेजा न्यूज या कंपनीनं यूजनेटचा शोधयोग्य साठा सुरू केला होता. गूगलनं २००१ मध्ये तो विकत घेतला आणि स्पेन्सरच्या फितींवरचे संदेशही त्यात मिसळले. पहिल्यांदाच यादी न पाहता, कुणाला न विचारता, एक शब्द टाकून वीस वर्षांपूर्वीच्या बैठकीत थेट जाता येऊ लागलं. शोधाचा हा सुवर्णकाळ. तो फार टिकला नाही. ऑर्कुट २००४ मध्ये आलं, भारतात त्याच्यावर समुदायांची झुंबड उडाली, आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झालं. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये संपले. त्याआधीच तिथली जुनी पत्रं, फाइली, फोटो पुसले गेले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलनं यूजनेटचे नवे संदेश घेणं थांबवलं. कंपनीच्या जागेत मुक्काम केलेल्यांची बोचकी कधीतरी रस्त्यावर येतातच.

आजची जाणती मंडळी व्हॉट्सअॅप, टेलिग्राम आणि डिस्कॉर्डच्या बंद गटांत आहेत. नाणेसंग्राहक, जुन्या रेडिओंची दुरुस्ती करणारे, मोडीवाचक, गवताळ रानातल्या पक्ष्यांच्या मागे हिंडणारे, सगळे आहेत. शोधयंत्राला ते दिसत नाहीत. रेडिट उघडं आहे, आणि तिथला ‘आस्क हिस्टोरियन्स’ हा २०११ पासूनचा इतिहासाचा गट कडक देखरेखीमुळे नावाजलेला आहे. तिथे आधाराविना दिलेलं उत्तर सरळ काढून टाकतात, त्यामुळे शेकडो लोक वाचत असलेल्या प्रश्नाखाली कित्येकदा एकही उत्तर दिसत नाही. नव्या माणसाला हे विचित्र वाटतं. थॉम्सच्या वाचकाला वाटलं नसतं. तो उत्तरासाठी महिनोन्‌महिने थांबे.

म्हणून हल्ली मला कुणी विचारलं, की अमुक विषयावर चांगला गट कुठला, तर मी त्या विषयावरच्या अलीकडच्या दोन-तीन पुस्तकांची ऋणनिर्देशाची पानं वाचायला सांगतो. लेखक तिथे नावं घेतो, आणि पुष्कळदा एखाद्या गटाचंही. विकिपीडियावरच्या लेखामागचं चर्चापान उघडावं. तिथे कोण शांतपणे संदर्भ मागतोय ते दिसतं. एखाद्या जुन्या धाग्यावर दहा वर्षांपूर्वी अचूक उत्तर देऊन गेलेला आयडी आणखी कुठे लिहितो ते पाहावं. माणूस सापडला की त्याला साधं पत्र लिहावं, आपण काय वाचलंय आणि कुठे अडलोय ते सांगणारं. बहुतेक जण उत्तर देतात, आणि दुवा पाठवतात. आत गेल्यावर महिनाभर गप्प बसून दोनच गोष्टी बघाव्यात: चुकीचं विधान केलं की त्याचं तिथे काय होतं, आणि शंभरदा विचारलेली शंका नव्यानं विचारणाऱ्याला जुने लोक काय उत्तर देतात.